वाळूत हरवलेलं सोनं

मैत्रिणींनो, सुट्टीत अलिबागला किंवा गणपतीपुळ्याला जायचं ठरलं की आपली तयारी काय थोडी असते? मुलांचे जादा कपडे, दशम्या, लोणच्याची बरणी, औषधांची डबी, सगळं आठवणीनं भरतो. पण समुद्रावर अंगावरचा दागिना हरवला तर काय करायचं, याचा विचार मात्र कुणी करत नाही. पाण्यात बोटं गारठून आक्रसतात. त्यातून हाताला खोबरेल तेलाचा नाहीतर क्रीमचा ओशटपणा असतो. एक लाट येते, जाते, आणि बोट मोकळं! कधी साखरपुड्याची अंगठी, कधी पायातलं जोडवं, कधी पोत तुटून मंगळसूत्राची वाटी. मग सगळं घर हातांनी वाळू उपसू लागतं आणि वस्तू पडली ती नेमकी जागाच पायाखाली नाहीशी होते.

अशा वेळी उपयोगी पडणारं एक यंत्र आहे. मेटल डिटेक्टर, म्हणजे धातुशोधक यंत्र. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियात हजारो माणसं हे यंत्र घेऊन छंद म्हणून समुद्रकाठ पालथा घालतात. आपल्याकडे हा छंद नवा असला, तरी शोधाशोध नवी नाही. सराफकट्ट्यावरची माती धुऊन त्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत. पंढरपूरला चंद्रभागेत दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढणारी मुलंही तुम्ही पाहिली असतील. यंत्रानं या कामाला कान दिले, एवढंच.

यंत्र ऐकतं तरी काय?

या यंत्राची जन्मकथा मोठी चटका लावणारी आहे. 1881 साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी शरीरात कुठे रुतली आहे ते कळेना, तेव्हा टेलिफोनचे जनक ग्रॅहम बेल आपलं धातू शोधणारं यंत्र घेऊन धावले. पण डॉक्टरांनी एकाच बाजूला तपासू दिलं, आणि खाली गादीत धातूच्या स्प्रिंगा होत्या. गोळी काही सापडली नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात कोसाकी नावाच्या पोलिश अधिकाऱ्यानं सैनिकाला हातात धरून चालता येईल असं सुरुंगशोधक यंत्र तयार केलं. युद्धानंतर तसली यंत्रं लोकांच्या हाती आली आणि छंद सुरू झाला.

यंत्राची रचना सोपी आहे. एक लांब दांडा, टोकाला तबकडी, वर मुठीजवळ छोटी पेटी. तबकडीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज खेळली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. खाली धातू असला की त्याच्यातही क्षणभर वीज फिरते. तिची चाहूल तबकडीला लागते आणि यंत्र आवाज करतं.

इथे एक गोष्ट पक्की गाठीला बांधा. यंत्र धातू दाखवतं, सोनं दाखवत नाही. पेटीवर आकडे उमटतात खरे, पण बारीक अंगठीचा आकडा आणि चॉकलेटच्या चांदीच्या कागदाचा आकडा जवळपास सारखाच असतो. डब्याची पत्र्याची कडीही तशीच बोलते. म्हणून “हा कचराच असेल” म्हणून पुढे गेलात तर सोनंही मागे राहतं. सोनं हवं असेल तर कचरा उपसायची तयारी हवी. दहा वेळा बाटलीचं झाकण निघेल, तेव्हा अकराव्या वेळी कदाचित काही हाती लागेल. न लागलं तरी किनारा तेवढा स्वच्छ झाला, हेही कमी नाही.

आता दागिन्यांविषयी. मंगळसूत्रातले काळे मणी काचेचे, ते यंत्राला दिसतच नाहीत. वाट्या मात्र दिसतात. चांदीचं जोडवं खणखणीत आवाज देतं, कारण चांदीतून वीज फार सहज वाहते. सगळ्यात अवघड ती नाजूक साखळी. कड्या इतक्या बारीक की यंत्राला एकेक कडी वेगळी भासते, आवाज अगदी क्षीण येतो. पुष्कळदा नुसता फासाच ऐकू येतो.

कोणतं यंत्र घ्यावं?

किमती काही हजारांपासून लाखाच्या वर जातात. सुरुवातीलाच महागड्याच्या मोहात पडू नका. पण अगदी खेळण्यातलंही घेऊ नका. दुकानदाराला दोन प्रश्न जरूर विचारा. पहिला, तबकडी पाण्यात चालते, पण पेटी चालते का? स्वस्त यंत्रात पेटी भिजली की संपलं. दुसरा, ओल्या खाऱ्या वाळूत ते कसं वागतं? मिठाच्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे साधं यंत्र ओल्या वाळूवर उगाचच किरकिरतं. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं यंत्र तिथे शांत राहतं. ‘पल्स’ पद्धतीचं यंत्र खाऱ्या वाळूला दाद देत नाही, पण कचरा कोणता आणि कामाचं काय, हेही ते फारसं सांगत नाही. साधं यंत्र असेल तर कोरड्या वाळूतच शोधावं आणि ओलीत संवेदना कमी करून ठेवावी.

रत्नागिरीकडच्या किनाऱ्यांवर काळी वाळू दिसते ना? तिच्यात इल्मेनाइट नावाचं लोह आणि टायटॅनियमचं खनिज असतं. तिथे चांगलं यंत्रही गोंधळतं, म्हणून शिकायला पांढऱ्या वाळूचा किनारा बरा.

खर्च एकटीला जड वाटत असेल तर भिशीतल्या चौघीजणींनी मिळून एक यंत्र घ्यावं. रोज लागणारी वस्तू थोडीच आहे ती!

आधी घरी शिका

यंत्र आणल्या आणल्या समुद्राकडे धावू नका. लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या घमेल्यात वाळू भरा. तिच्यात एकदा जोडवं, एकदा रुपयाचं नाणं, एकदा चांदीच्या कागदाची गोळी, एकदा खिळा पुरा आणि डोळे मिटून आवाज ऐका. बोटभर खोल, मग चार बोटं, मग वीतभर. अंगठी साधारण वीतभर खोलीपर्यंत ऐकू येते, त्याखाली भरवसा नाही. आठवडाभर रोज पंधरा मिनिटं केलंत की कुकरची शिट्टी आणि दाराची घंटा जशी न बघता ओळखता, तसे हे आवाजही ओळखू येतील.

तिथी बघून निघा

कोकणातल्या आजीला भरतीची वेळ विचारा, ती घड्याळ न बघता सांगेल. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, की भरतीची साधारण वेळ मिळाली. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा वाजता भरती. तिथून सहा तासांनी ओहोटी, म्हणजे बाराला. हा हिशेब आपल्या कोकणपट्टीचा आणि ढोबळ आहे. निघण्यापूर्वी त्या गावचं भरतीचं वेळापत्रक पाहावंच.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं. पाणी जितकं वर चढतं तितकंच ओहोटीला खूप आत जातं, आणि एरवी पाण्याखाली असलेली वाळू उघडी पडते. त्या दिवसांत ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास येते. सकाळची वेळ उत्तम. ऊन नाही, गर्दी नाही. ओहोटी लागल्यावर दोन तासांनी उतरायचं, पाणी फिरलं की परतायचं. पावसाळ्यात मात्र मुळीच नाही. आणि कोणत्याही ऋतूत समुद्राला पाठ करून खणायला बसू नका.

प्रत्यक्ष वाळूवर

सामान थोडंच: यंत्र, हेडफोन, खुरपं, भोकांची मोठी चाळण, जाड हातमोजे आणि दोन कप्प्यांची पिशवी. एक कप्पा कचऱ्याला, एक सापडलेल्या वस्तूंना. कोरड्या वाळूला घरची जुनी पिठाची स्टीलची चाळणही चालते, फक्त आवाज ऐकताना ती यंत्रापासून दूर ठेवा. गळ, फुटक्या काचा, सुया वाळूत लपलेल्या असतात, म्हणून मोजे हवेतच. पायात चप्पल नको, बंद बूट घाला. हातातल्या बांगड्या आणि अंगठ्या काढून ठेवा, नाहीतर यंत्र तुमच्याच दागिन्यांचा पुकारा करील!

तबकडी जमिनीला समांतर, दोन बोटं वर. झाडू मारताना टोक उचलतो तसं उचलायचं नाही. सावकाश डावीकडून उजवीकडे, आणि पुढचा फेरा आधीच्यावर अर्धा येईल असा. आवाज आला की आडवी आणि उभी फिरवून अधिकचं चिन्ह काढा. दोन्ही रेघा जिथे छेदतात तिथे खणा. सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक खड्डा लगेच बुजवा. त्यात धावत्या मुलाचा पाय मुरगळतो.

शोधायचं कुठे? लोक जिथे बसतात, उठतात, कपडे झटकतात तिथे. भेळेच्या गाड्यांसमोर, उंटघोड्यांच्या थांब्यावर, पाण्यात उतरण्याच्या वाटेवर.

दागिना हरवलाच तर

पहिलं काम, जागेवरून हलू नका. चप्पल नाहीतर काठी रोवून खूण करा. मग कोळी समुद्रात जागा लक्षात ठेवतात ती युक्ती करा. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, उदाहरणार्थ माड आणि त्यामागचा खांब. दुसऱ्या दिशेनं आणखी एक अशीच जोडी. दोन रेषा मिळतात ती तुमची जागा. मोबाईलवर फोटो काढा, वेळ लिहून ठेवा. मंडळींना लांब बसवा, वाळू कुणी तुडवू नये.

कोरड्या वाळूत पडलेली वस्तू वरवरच राहते. लाटांच्या पट्ट्यात मात्र घाई हवी. वाळूचा कण पाण्याच्या सुमारे 2.6 पट जड, तर शुद्ध सोनं 19 पट. प्रत्येक लाटेबरोबर वाळू सैल होते आणि सोनं खाली खाली जातं. म्हणून पहिली ओहोटी दवडू नका. दोरी बांधून पट्टे पाडावेत आणि एकेक पट्टा संपवावा.

सापडलं ते कुणाचं?

खरी कसोटी इथे आहे, मैत्रिणींनो. वाळूत सापडलेली अंगठी ‘आपलं नशीब’ नसते, ती कुणाच्या तरी बोटातली असते. कदाचित ती बाई त्या दिवशी घरी जाऊन सासूसमोर मान खाली घालून उभी राहिली असेल. मालक ठाऊक असताना, किंवा त्याला शोधण्याचा रास्त प्रयत्न न करता, सापडलेली वस्तू आपलीशी करणं हा कायद्यानंही गुन्हा आहे. 2024 साली लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे.

म्हणून आधी भिंग घेऊन दागिना बघा. नाव, तारीख, सराफाचा शिक्का दिसतो का? अलीकडच्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो घातला की विकणाऱ्या सराफाचा माग लागतो. मग जवळच्या पोलीस ठाण्यात वस्तू द्या आणि लेखी पोच घ्या. कुणी हक्क सांगायला आलं तर दागिना आधी दाखवू नका, वर्णन त्यांनाच करू द्या. आणि आजच एक करा, आपल्या दागिन्यांचे हे क्रमांक हिशेबाच्या वहीत उतरवून ठेवा.

जमिनीत पुरलेलं जुनं धन सापडलं तर गोष्ट वेगळी. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या निधीची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. लपवलं तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. जुनं नाणं चिंचेनं घासूनपुसून चकचकीतही करू नका. त्यावरची अक्षरंच इतिहास असतात.

सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, मुरुड-जंजिरा अशा संरक्षित स्थळांच्या आसपास यंत्र काढूच नये. इतरत्रही ग्रामपंचायतीला आणि पोलिसांना आधी सांगितलेलं बरं, म्हणजे नसता संशय नको. वेळास, आंजर्ले अशा गावांच्या वाळूत हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. त्या वाळूत खुरपं लावणं म्हणजे कुणाचा तरी पाळणा उपटणं. तिथे उन्हाळ्यात पिल्लं समुद्राकडे जाताना बघायला जा, यंत्र घरी ठेवून.

घरी आल्यावर

तबकडी आणि दांडा गोड्या पाण्यानं धुवा, पुसा, सावलीत वाळवा. मीठ राहिलं की सांधे गंजतात. सेल काढून ठेवा. सापडलेली अंगठी कोमट पाणी आणि साबणानं धुतली तरी पुरे.

या छंदात श्रीमंत होणारे विरळाच. पण पहाटेची मोकळी हवा आहे, दोन तासांचं चालणं आहे आणि कानात फक्त आपल्यापुरता आवाज आहे. घरात चोवीस तास सगळ्यांच्या हाका ऐकणाऱ्या बाईला तेवढं पुष्कळ झालं. आणि एखाद्या दिवशी कुणा अनोळखी बहिणीच्या तळहातावर तिची वाटी परत ठेवता आली, तर यंत्राचे पैसे त्याच दिवशी फिटले म्हणायचे!