पोरगा कॉन्ट्रॅक्टर झाला, म्हणजे नेमकं काय झाला?

बसमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा, कारण आज एकाच शब्दावर बोलायचंय. कॉन्ट्रॅक्टर.

बीटेक झाल्यावर पुण्यात मला पहिलं काम मिळालं ते 'कॉन्ट्रॅक्टर' म्हणून. आईने मोठ्या हौसेने गावी सांगितलं, पोरगा कॉन्ट्रॅक्टर झाला. दुसऱ्या दिवशी मामांचा फोन. "काय रे, कोणत्या रस्त्याचं काम घेतलंस?" आता मामांची काय चूक? आमच्या मराठवाड्यात कॉन्ट्रॅक्टर म्हणजे गुत्तेदार. कडक इस्त्रीचा शर्ट, पांढरी गाडी, हाताखाली चाळीस-पन्नास माणसं. आणि मी तिघांत एक खोली घेऊन राहत होतो, गळ्यात वेगळ्या रंगाचं आयकार्ड.

सहा महिने आम्ही यावर हसलो. सातव्या महिन्यात पगार आला नाही. ज्या ऑफिसात रोज बसायचो तिथली एचआर म्हणाली, "तुम्ही आमचे एम्प्लॉयी नाही." ज्यांच्या नावाने सॅलरी स्लिप यायची ते म्हणाले, "क्लायंटने बिल पास केलं नाही." आठव्या महिन्यातही तेच. तेव्हा मी पहिल्यांदा हा शब्द नीट वाचायला बसलो.

मराठीत या माणसाला नावं भरपूर आहेत. कंत्राटदार, ठेकेदार, गुत्तेदार. जुना शब्द मक्तेदार, म्हणजे मक्ता घेणारा. आज मात्र मक्तेदारी म्हटलं की आपल्याला मोनोपॉली आठवते. ठेकेदार तर शिवीच्या जवळ गेलाय. संस्कृतीचे ठेकेदार म्हणजे कोणी न नेमता ज्यांनी काम अंगावर घेतलंय ते. (या लोकांवर वेगळा एपिसोड करू.) पण या सगळ्या शब्दांत एक गोष्ट पक्की आहे. हा माणूस काम 'घेतो'. राबणारे दुसरे असतात आणि त्यांना आपण म्हणतो कंत्राटी कामगार.

आयटीत हा शब्द उलटा झाला. राबणाऱ्यालाच कॉन्ट्रॅक्टर म्हणायला लागले. माझ्या गोष्टीत खरा कंत्राटदार होता तो मला पुरवणारा, स्लिप देणारा. मी होतो कंत्राटी कामगार. इंग्रजी नावामुळे मला ते दिसलंच नाही, आणि खरं सांगू का, दिसलं असतं तरी आवडलं नसतं.

कायद्याला मात्र ते स्पष्ट दिसतं. कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा २०२५ पर्यंत लागू होता. त्यात कंत्राटदार दोन प्रकारचा सांगितला होता. एक, माणसं लावून ठरलेलं काम पुरं करून देणारा. दोन, नुसती माणसं पुरवणारा. उप-कंत्राटदारही त्यात धरला होता. ज्याच्या जागेत काम चालतं तो प्रिन्सिपल एम्प्लॉयर, म्हणजे मुख्य मालक. पगार देणं ही कंत्राटदाराची जबाबदारी. त्याने तो बुडवला तर मुख्य मालकाने द्यायचा आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करायचा, असं त्याचं कलम २१ सांगायचं. या कायद्यात टेक्निकल काम करणाराही कामगार धरला होता, मॅनेजर नाही. २०२० साली संसदेने नव्या कामगार संहिता मंजूर केल्या, त्यांतही मुख्य मालकावरची ही जबाबदारी कायम आहे.

आता तिसरा अर्थ, फ्रीलान्सर. हा खरंच स्वतंत्र असतो. स्वतः बिल पाठवतो, एकाच वेळी तीन क्लायंट सांभाळतो, कधी आणि कुठून काम करायचं ते स्वतः ठरवतो. त्याला पीएफ नाही, भरपगारी रजा नाही, पण दर तोच सांगतो. सौदा समजून केला असेल तर वाईट नाही. गोची तेव्हा होते, जेव्हा कागदावर तुम्ही फ्रीलान्सर असता आणि प्रत्यक्षात सकाळी दहाला स्टँडअप, रजेसाठी मॅनेजरची परवानगी, लॅपटॉपही त्यांचाच.

मग खरं काय मानायचं, कागद की काम? हा प्रश्न आयटीच्या कितीतरी आधी मिठागरात विचारला गेला होता. सौराष्ट्रात ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या मिठागरांत अगरिया काम करायचे. त्यांना मिठाच्या मणावर पैसे मिळायचे, कामाच्या वेळा ठरलेल्या नव्हत्या, मदतीला माणसंही ते स्वतःच लावायचे. कंपनीचं म्हणणं, हे तर स्वतंत्र कॉन्ट्रॅक्टर. १९५६ साली सुप्रीम कोर्टाने अगरियांना कामगार ठरवलं. काम कसं करायचं यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत नियंत्रण कोणाचं, हे कोर्टाने पाहिलं.

तुम्ही स्वतः कुठे बसता ते बघायचंय? ऑफर लेटर बाजूला ठेवा आणि आधीच्या एखाद्या आर्थिक वर्षाचा फॉर्म २६ एएस उघडा. तुमचा टॅक्स कोणी कापला आणि कोणत्या कलमाखाली, ते त्यात असतं. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम १९२ दिसलं तर तुम्ही पगारदार. १९४ जे असेल तर व्यावसायिक, साधारणपणे १० टक्के कापलेले. १९४ सी असेल तर कंत्राटदार, एकट्या माणसाला १ टक्का. हो, मामांच्या रस्तेवाल्या गुत्तेदाराचा टॅक्सही तेव्हा याच कलमात कापला जायचा. मग पीएफचं पासबुक उघडा आणि आस्थापनेचं नाव वाचा. पासबुकच नसेल तर तेही उत्तरच आहे.

माझ्या २६ एएसमध्ये १९२ होतं, पण नाव पुरवणाऱ्याचं. मी दोन्ही कंपन्यांना एकच मेल लिहिला. चार ओळी, त्यात कलम २१ चा उल्लेख, आणि दोन्ही एचआर एकाच 'टू'मध्ये, म्हणजे एकमेकांना दिसतील अशा. अकराव्या दिवशी दोन्ही महिन्यांचा पगार जमा झाला. उत्तर मात्र कोणाचंच आलं नाही.

मामा अजून विचारतात, "कुठवर आला रस्ता?"

पुढच्या भागात नोटीस पिरियडवर बोलू. तुमच्या ऑफर लेटरमधलं त्याबद्दलचं वाक्य व्हॉइस नोटने पाठवा. कंपनीचं नाव तेवढं गाळा.