नळीतला त्रिकोण

सालवडजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत काय किंवा इतरत्र काय, कारखान्याच्या भिंतीवरून गेलेल्या लोखंडी नळ्या पाहा. हे कॉन्ड्युट, यांतून विजेच्या तारा जातात. वाटेत तुळई आली, की नळी तिरकी उचलून पुन्हा समांतर नेतात. हा ‘ऑफसेट’.

समजा, १० सेंमी उचलायची आहे. ३०° चे दोन वाक दिले, तर खुणांतील अंतर २० सेंमी. कारण साइन ३०° म्हणजे १/२. तुमच्या वहीतलाच काटकोन त्रिकोण हा! पण २० सेंमी नळीने पुढची वाट १७.३ सेंमीच कापली. उरलेले २.७ सेंमी म्हणजे ‘श्रिंक’. ते आधी धरले नाहीत, तर नळी पेटीपर्यंत पोहोचत नाही.

४५° ला खुणा १४.१ सेंमीवर येतात, जागा वाचते. मात्र तीव्र वाकात तार ओढताना जास्त घासते. वेष्टन सोलले, तर वीज नळीतच उतरते.