संगणक आज्ञावलीकडून स्वायत्त ड्रोनकडे : व्यवसायांतराची शैक्षणिक बाजू

माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात काही वर्षे काम केलेले अनेक अभियंते अलीकडे ड्रोनच्या स्वायत्ततेकडे वळू पाहतात. स्वायत्तता म्हणजे चालकाच्या सततच्या आज्ञेविना यानाने स्वतःचे स्थान ओळखणे, मार्ग ठरविणे व त्या मार्गावर टिकून राहणे होय. यातील बरेचसे काम आज्ञावलीचेच असल्याने हे व्यवसायांतर वरवर पाहता सोपे भासते.

सी प्लस प्लस, पायथन, लिनक्स आणि चाचणीची शिस्त ही शिदोरी नव्या क्षेत्रातही उपयोगी पडते. पीएक्स-४ व अर्डुपायलट या मुक्त स्रोत प्रणाली कोणालाही अभ्यासता येतात. गॅझेबोसारख्या सिम्युलेटरमध्ये त्या यान न उडविताही चालवून पाहता येतात. अडचण अन्यत्र आहे. बँकेच्या प्रणालीत उत्तर अर्धा सेकंद उशिरा आले तर ग्राहक थोडा खोळंबतो. उड्डाणनियंत्रणात मात्र उशिरा आलेले बरोबर उत्तरही चूकच ठरते, कारण मोटरींना सेकंदाला शेकडो वेळा नवी आज्ञा द्यावी लागते.

दुसरी बाब अनिश्चिततेची. संवेदकाचे मापन नेहमीच थोडे चुकीचे असते. त्वरणमापकात केवळ ०.०१ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढी स्थिर चूक असेल आणि निव्वळ त्यावरूनच स्थान काढले, तर ६० सेकंदांनंतर ते १८ मीटरने चुकते. ही चूक काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणूनच उपग्रह, कॅमेरा, वायुदाबमापक यांची मापने त्यांच्या विश्वासार्हतेनुसार एकत्र करावी लागतात. रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० मध्ये मांडलेला फिल्टर हे त्याचे मूळ साधन. तो समजण्यास रेषीय बीजगणित व संभाव्यता लागते. हे विषय पदवीच्या आरंभी शिकविले जातात आणि, बहुधा उपयोग न दिसल्यामुळेच, विसरले जातात.

येथे महाविद्यालयांचा संबंध येतो. ड्रोन नियम, २०२१ अन्वये मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्थांना संशोधनपर उड्डाणांसाठी प्रकार-प्रमाणपत्र, ओळख क्रमांक व चालक परवाना यांतून सूट देण्यात आली. उड्डाण हरित क्षेत्रात, स्वतःच्या आवारात किंवा स्वतःच्या नियंत्रणाखालील मोकळ्या जागेत व्हावे, ही तिची अट. विमानतळापासून दूर, मोठे मैदान असलेल्या तालुक्याच्या महाविद्यालयाला ती शहरातील महाविद्यालयापेक्षा सहज पाळता येते. अशा एका उड्डाणाची नोंद गणित व संगणकशास्त्र या दोन्ही विभागांना एकाच प्रात्यक्षिकात वापरता येईल. नोकरीतील माजी विद्यार्थ्यांसाठी सायंकालीन वर्गही त्याच साहित्यावर चालू शकतो.