टाका काढला, आता पुढचे मूल?

"एकदा टाका घातला होता, आता पुन्हा दिवस राहतील का हो?" आमच्या हिंगोलीत बायका हे दबल्या आवाजात विचारतात. भगिनींनो, राहतात! टाका असतो गर्भपिशवीच्या तोंडाला. दिवस राहण्याच्या आड तो सहसा येत नाही.

काहीजणींचे हे तोंड दुबळे असते. चौथ्या-पाचव्या महिन्यात, फारशा कळा न येताच ते उघडते आणि मूल हातचे जाते. मग घरात सुरू, "हिनेच जड उचललं असेल!" बिचारीचा काय दोष?

यावरचा टाका गोव्यात जन्मलेल्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनी मुंबईत शोधून काढला, १९५५ साली प्रसिद्ध केला. सुरुवातीला पट्टी वापरली ती बाईच्याच मांडीतल्या पडद्याची! आज जगभर तो त्यांच्याच नावाने ओळखतात.

साधारण १२ ते १४ आठवड्यांत टाका घालतात, ३६-३७ व्या आठवड्यात काढतात. पुष्कळजणी मग नेहमीसारख्या बाळंत होतात. मात्र पुढच्या खेपेला तो बहुधा पुन्हा घालावा लागतो. तेव्हा औंढ्याच्या नागनाथाला नवस जरूर बोला, पण पाळी चुकताच जुने कागद घेऊन दवाखाना गाठा. मध्येच रक्त किंवा पाणी गेले, कळा आल्या, तर सकाळ व्हायची वाट पाहू नका.