जुन्या विंडोजकडे परत जावे का?

परवा एका खेड्यातले मुख्याध्यापक भेटले. म्हणाले, "सर, शाळेच्या संगणकावर विंडोज १० काढून ११ टाकली, तर दाखला छापायलाही ताटकळावं लागतं. जुनीच परत टाकू का?"

श्रोतेहो, हाताला बसलेली वस्तू सोडवत नाही, हे खरेच. पण प्रणालीत फटी सापडत राहतात आणि कंपनी त्या बुजवीत असते. विंडोज ७ ची ही डागडुजी जानेवारी २०२० मध्ये थांबली. विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्यानंतरच्या फटी उघड्याच राहतात. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या उपद्रवाने ब्रिटनमधील कित्येक रुग्णालयांचे संगणक अडवून ठेवले. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. ती ज्यांनी घेतली नव्हती, ते सापडले!

मग करावे काय? आधी निकाल, दाखले यांची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. मग स्मृती पाहा. विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते, पण तेवढीत ती रखडते. स्मृती वाढवली, फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी बसवली, की पुष्कळदा काम भागते. यंत्रच फार जुने असेल, तर फुकट मिळणारी लिनक्स टाकून पाहा. एखाद्या जुन्या कामासाठी जुनी विंडोज हवीच असेल, तर त्या संगणकाला इंटरनेट जोडू नका.

मुख्याध्यापकांना मी एवढेच म्हटले, "गुरुजी, संगणक पुन्हा विकत मिळेल; मुलांची नोंद गेली तर कोठून आणणार?"