मोटारीची निगा : रेडिएटरात पाणी कोठले घालावे?

थर्मोस्टॅटविषयी या आठवड्यात लिहीन असे वचन दिले होते; परंतु आटपाडीच्या एका वाचकांचा प्रश्न इतका मार्मिक आहे की ते वचन आठ दिवसांच्या मुदतीने पुढे ढकलणे भाग आहे. त्यांनी मागील लेखात सांगितल्याबरहुकूम इंजिनाच्या ब्लॉकचे बूच काढून गंजाचा विटकरी राडा वाहू दिला, रेडिएटरातून उलट्या दिशेने पाणी सोडले, आणि निवळ पाणी येऊ लागताच घरच्या बोअरचे पाणी भरून गाडी सुरू केली. यात काही वावगे झाले काय, अशी त्यांची पृच्छा आहे.

झाले, पण ते कसे हे नीट पाहू. सातारा आणि आटपाडीचा सांगली हे दोन्ही जिल्हे कृष्णेचे खरे. तथापि महाबळेश्वरास वर्षाकाठी 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि आटपाडी-जतकडे तो 500 च्या आसपास घुटमळतो, त्यामुळे पश्चिमेच्या खडकातले क्षार दरसाल धुऊन जातात, तर पूर्वेकडे ते विहिरी-बोअरांतच मुक्काम ठोकतात. मागील लेखातील साताऱ्याच्या गृहस्थाने कासच्या तलावाचे पाणी ओतून निभावून नेले म्हणून आटपाडीकराचेही निभेल, असे अनुमान काढता येत नाही.

जड पाण्यात कॅल्शियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी तापले की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो व अविद्राव्य कार्बोनेट मागे राहते. न्हाणीघरातल्या बंबात आतून जो पांढरा थर धरतो, तोच हा. तो थर विशेषेकरून सिलिंडर हेडच्या अतितप्त भागी, म्हणजे जेथून उष्णता सर्वांत त्वरेने वाहून न्यावयाची नेमक्या तेथेच, साचतो. आणि तांब्याच्या तुलनेत त्याची उष्णतावाहकता शंभराहून अधिक पटींनी कमी असल्यामुळे काट्यावर सारे आलबेल दिसत असता आतला धातू होरपळत राहतो.

मात्र एक गोष्ट फारशी कोणी ध्यानात घेत नाही. समजा, पाण्यात लिटरमागे 400 मिलिग्रॅम कठीणपणा आहे. पाच लिटर भरले तर एकूण क्षार दोन ग्रॅम, आणि पाणी बंदिस्त राहिले तर त्यात भर पडावयाची नाही. पण झाकणाचे रबर झिजलेले असले आणि आठवड्यास लिटरभर पाणी वाफ होऊन जात असले, तर वाफेबरोबर क्षार जात नाहीत. भरपाईच्या प्रत्येक तांब्यातून नवे येतात, आणि वर्षअखेर वीस ग्रॅमांवर वसुली होते. तेव्हा माझ्या मते पहिल्या भरण्यापेक्षा रोजच्या टॉपअपचाच बंदोबस्त अगोदर करावा. झाकण बदलावयास खर्च किरकोळ येतो, आणि दाब टिकल्याने पाण्याचा उकळबिंदूही वर राहतो. महाबळेश्वराच्या उंचीवर, जेथे उघडे पाणी 95-96 अंशांसच उकळते, तेथे याचे महत्त्व खंबाटकी वा पसरणी घाट चढून गेलेल्यांस सांगावयास नको.

मग कासचे पाणी उत्तम काय? तेही नाही. क्षार कमी असले तरी गंजरोधक द्रव्याशिवाय ते लोखंडास खातेच, आणि मागील लेखातला विटकरी राडा त्याचीच साक्ष होता.

आटपाडीच्या वाचकांनी आता एवढे करावे. भरलेले पाणी काढून, दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व पाण्याच्या विसाव्या हिश्श्याइतके घालून गाडी अर्धा तास चालवावी. जुना थर फसफसत सुटेल. शौचालय धुण्याचे आम्ल कोणीही सुचविले तरी घालू नये. ॲल्युमिनियमचे भाग ते बघता बघता पोखरते. लिंबूसत्त्वही मुदतीपलीकडे आत ठेवू नये. नंतर साध्या पाण्याने अनेकवार धुवावे, आणि शेवटची धुलाई मात्र बॅटरीच्या दुकानातील डिस्टिल्ड पाण्याची असावी, कारण ब्लॉकमध्ये बरेच पाणी अडून राहते. याच कारणासाठी अगोदर निखळ कूलंट गाडीच्या एकूण क्षमतेच्या निम्मे ओतावे आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरावी. क्रम उलटा केला तर मिश्रण पातळ पडते. कूलंट चवीला गोड आणि विषारी असते, तेव्हा सांडलेले कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागू देऊ नये.

थर्मोस्टॅट पुढील आठवड्यास. ज्यांच्या मिस्त्रीने तो "काही उपयोगाचा नाही" म्हणून काढून टाकला असेल, त्यांनी तोवर तो भंगारात गेला नसल्यास मागून घ्यावा. पातेल्यात पाणी तापवून त्याची तपासणी करावयाची आहे.