सुपीरिअर सरोवरातील मासे आणि माणसे

गोठ्यातली गुरे मोजता येतात, रानातल्या हरणांचाही अदमास बांधता येतो. पण पाण्यातला मासा मोजायचा कसा? मत्स्यव्यवसायाच्या शास्त्रापुढचा हा पहिला प्रश्न आहे आणि तो वाटतो तितका पोरकट नाही. जे भांडवल डोळ्यांना दिसत नाही त्यातले मुद्दल किती नि व्याज किती हे ठरवावयाचे, आणि तेही त्या व्याजावर ज्यांची चूल पेटते त्यांच्या देखत ठरवावयाचे, असा हा व्यवहार आहे. तो कसा बिघडतो आणि मोठ्या कष्टाने कसा सावरतो, हे पाहावयाचे तर उत्तर अमेरिकेतील सुपीरिअर सरोवराकडे वळावे.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा यांच्या सीमेवर गोड्या पाण्याची पाच महासरोवरे आहेत. त्यांतले सुपीरिअर हे सर्वांत उत्तरेचे, सर्वांत थंड आणि सर्वांत खोल. त्याचा विस्तार सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाव भागाहून अधिक; आणि खोली काही ठिकाणी ४०० मीटरांवर जाते. इतक्या थंड पाण्यात सारे काही सावकाश चालते. या सरोवराचा राजा म्हणजे लेक ट्राउट हा मासा. त्याची मादी अंडी घालण्याजोगी व्हावयास सात-आठ वर्षे लागतात. हा आकडा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते. आज झालेली चूक सात वर्षांनी दिसते, आणि आज केलेला उपायही सात वर्षांनीच फळतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या एका सरोवरातून दरवर्षी सरासरीने सुमारे २० लाख किलो लेक ट्राउट निघत असे. वर्षानुवर्षे आकडा जवळजवळ सारखा. तेव्हा सरोवर अक्षय आहे अशी समजूत व्हावी यात नवल नाही. पण एकूण आवक हा फार फसवा आकडा आहे. मासे कमी होऊ लागले की कोळी काय करतो? तो जास्त जाळी टाकतो. दहा जाळ्यांत जे मिळे ते पंधरा जाळ्यांत मिळवतो, आणि बाजारात टोपल्या तेवढ्याच उतरतात. सुपीरिअरमध्ये नेमके असेच झाले. त्यातच १९५०च्या सुमारास सुती जाळ्यांच्या जागी नायलॉनची जाळी आली. ती पाण्यात माशाला दिसत नाहीत, कुजत नाहीत आणि सुती जाळ्याच्या दुपटीहून अधिक मासळी धरतात. म्हणून जाणकार माणूस एकूण आवक विचारीत नाही. एका जाळ्यामागे किती मासे आले, हे विचारतो. तो आकडा केव्हाच घसरू लागला होता.

अशा या आधीच ताणलेल्या संसारात एक परका पाहुणा शिरला. त्याचे नाव सागरी लॅम्प्रे. दिसायला वाम माशासारखा लांबट. पण त्याला ना खवले, ना जबडा. तोंडाच्या जागी दातांच्या वर्तुळांनी भरलेली एक चकती असते. ती माशाच्या अंगाला चिकटवून, खरखरीत जिभेने कातडी किसून, जळूसारखे तो रक्त पितो. रक्त गोठू नये म्हणून त्याच्या लाळेत द्रव्यही असते. समुद्रात त्याचे भक्ष्य मोठाले मासे असतात आणि ते बहुधा जगतात. सरोवरातला ट्राउट मात्र पुष्कळदा दगावतो. सरोवरातल्या वर्ष-दीड वर्षाच्या आयुष्यात एक लॅम्प्रे १८ किलोपर्यंत मासे मारू शकतो.

हा प्राणी अटलांटिक महासागराचा. वरच्या सरोवरांकडे जाण्याची त्याची वाट नायगाराच्या धबधब्याने हजारो वर्षे अडवून धरली होती. मग माणसाने जहाजांसाठी धबधब्याला वळसा घालून वेलंड कालवा खणला. तो १८२९ साली सुरू झाला आणि पुढे रुंद व खोल करण्यात आला. १९२१ साली लॅम्प्रे ईरी सरोवरात आढळला, १९३६ साली मिशिगनमध्ये, १९३७ साली ह्युरनमध्ये आणि १९३८ साली सुपीरिअरमध्ये. दरवाजा आपणच उघडला होता. जहाजांबरोबर कोण आत येईल याची चौकशी करण्याचे कोणाला सुचले नाही.

परिणाम भयंकर झाला. ईरी आणि मिशिगन सरोवरांतून लेक ट्राउटचे निसर्गतः वाढणारे वंश साफ नाहीसे झाले. सुपीरिअरमध्ये काही खडकाळ उथळ जागी आणि खोल पाण्यात थोडे वंश तगून राहिले. १९६२ साली तेथील लेक ट्राउटची व्यापारी मासेमारी बंद करावी लागली. कित्येक कुटुंबांनी पिढीजात होड्या विकल्या. या सर्वनाशाचे खापर लॅम्प्रेच्या माथी फोडणे सोयीचे होते, कारण लॅम्प्रेला मत नसते आणि तो कोर्टातही जात नाही. परंतु माझ्या मते दोषाचे दोन वाटे करावयास हवेत. जाळ्यांनी मोठे, अंड्यावर येणारे मासे आधीच विरळ केले होते. उरलेल्यांवर लॅम्प्रे तुटून पडला.

उपाय शोधण्यासाठी दोन्ही देशांनी १९५४ साली करार केला आणि १९५५ साली महासरोवर मत्स्य आयोग अस्तित्वात आला. लॅम्प्रेचा जीवनक्रम पाहिला तर त्याचे मर्मस्थान सापडते. नर-मादी वसंतात नदीत चढतात, दगडगोट्यांचे घरटे करतात, अंडी घालतात आणि मरतात. पिल्ले आंधळी असतात. ती तीन ते सात, क्वचित त्याहूनही अधिक वर्षे नदीच्या गाळात पडून राहतात. म्हणजे एकाच ओढ्याच्या तळाशी चार-पाच वर्षांची पिल्लावळ एके ठिकाणी जमा असते. सरोवरात पसरलेले लॅम्प्रे वेचणे अशक्य, पण ओढ्यात त्यांना एकदम गाठता येते.

प्रारंभी नद्यांच्या मुखांशी विजेचे अडसर घालून पाहिले. ते पुरे पडले नाहीत. मग मिशिगन राज्यातील हॅमंड बे येथील प्रयोगशाळेत व्हर्नन ॲपलगेट आणि त्यांचे सहकारी रसायने तपासू लागले. काचेच्या बरणीत लॅम्प्रेची पिल्ले आणि इतर मासे एकत्र सोडायचे, रसायनाचा थेंब टाकायचा आणि कोण मरते ते पाहायचे. एक नाही, दोन नाही, सुमारे ६,००० रसायने अशी तपासली गेली. अखेर ट्रायफ्लुओरोमिथिल-नायट्रोफिनॉल नावाचे द्रव्य हाती आले. त्याला थोडक्यात टीएफएम म्हणतात. इतर बहुतेक मासे हे विष शरीरात बदलून बाहेर टाकतात. लॅम्प्रेला ते नीट साधत नाही. १९५८ साली सुपीरिअरला मिळणाऱ्या ओढ्यांत ते प्रथम सोडले गेले आणि १९६२ साली अडसरांत सापडणाऱ्या लॅम्प्रेंची संख्या एकदम कोसळली.

पण लॅम्प्रे घटले म्हणजे ट्राउट परतले असे होत नाही. मत्स्यबीज केंद्रांत वाढविलेली लाखो पिल्ले सरोवरात सोडण्यात आली. ती जगली, मोठीही झाली. परंतु अंडी घालण्याचे आपल्या पूर्वजांचे खडक त्यांना कोण दाखविणार? शेवटी सरोवर भरून काढले ते मुख्यत्वे तगून राहिलेल्या रानटी वंशांनी. विस्कॉन्सिनच्या अपॉसल बेटांजवळ गल आयलंड शोल नावाची उथळ जागा आहे. तेथे असा एक वंश शिल्लक होता. १९७६ साली तो भाग मासेमारीला बंद करण्यात आला आणि वंश वाढू लागला. तोवर आणखी एक प्रश्न उभा राहिला होता. या किनाऱ्यावरच्या ओजिब्वे लोकांनी एकोणिसाव्या शतकातील तहांत जमिनी दिल्या होत्या, पण मासे धरण्याचा हक्क राखला होता. तो हक्क विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली मान्य केला. तेव्हापासून कोणाला किती मासे, हे ठरविताना राज्य सरकारांना या जमातींसह बसावे लागते. मूळ मालकाला पंक्तीत बसविण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली, हेही ध्यानात असावे.

आज मोजणी कशी होते? ठरलेल्या जागी, ठरलेल्या मापाची जाळी, दरवर्षी त्याच हंगामात टाकतात. माशाच्या कानातील बारीक हाडावर झाडाच्या खोडाप्रमाणे वर्षांची वलये असतात. ती वाचून वय काढतात. दर शंभर मोठ्या माशांपैकी किती जणांच्या अंगावर लॅम्प्रेचे ताजे व्रण आहेत तेही मोजतात. ते पाचांहून अधिक नसावेत असे लक्ष्य आहे. या सर्वांवरून मृत्यूचे प्रमाण काढतात. जाळे, गळ, लॅम्प्रे आणि नैसर्गिक मरण मिळून वर्षाला शंभरातले ४२ हून अधिक प्रौढ ट्राउट जाऊ नयेत, असा सुपीरिअरसाठी १९९६ सालच्या योजनेत दंडक घातला गेला. लॅम्प्रे जास्त खाऊ लागला तर माणसाचा वाटा कमी होतो, इतका सरळ हा हिशेब आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये, एकदोन भाग वगळता, सुपीरिअरमधील लेक ट्राउट पूर्णपणे पुनःस्थापित झाल्याचे जाहीर करण्यात आले. लॅम्प्रेच्या आगमनाला तेव्हा ८६ वर्षे झाली होती.

लॅम्प्रे मात्र संपलेला नाही. २०२० आणि २०२१ साली महामारीमुळे पथकांना सर्व ओढ्यांपर्यंत पोहोचता आले नाही, तर पुढच्या काही वर्षांतच महासरोवरांत त्याची संख्या पुन्हा चढली. शिवाय आता बांधांचा पेच आहे. सुपीरिअरच्या उत्तर किनाऱ्यावर ब्लॅक स्टर्जन नदीवर १९६०च्या सुमारास लाकडाचे ओंडके वाहून नेण्याच्या सोयीसाठी एक बांध घातला गेला. त्याने वॉलाय नावाच्या माशाची वरच्या पात्रात अंडी घालण्याची वाट अडली, म्हणून तो काढावा असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो की, तोच बांध लॅम्प्रेलाही अडवून आहे. तो काढला तर वरचा कित्येक मैलांचा गाळ त्याच्या पिल्लांना मोकळा होईल आणि तेथेही विष सोडावे लागेल. दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि हा वाद तेथे वर्षानुवर्षे चालत आला आहे.